बाणांची तोंडं

१

त्या वृद्धाश्रमात तिला सगळे रेघताई म्हणायचे. हे नाव मोठ्या सिस्टरांनी पाडलेलं. बाई सकाळी नऊला यायची, औषधांच्या कपाटाशेजारच्या चिंचोळ्या खोलीत बसायची आणि दिवसभर रेघा काढायची, मग दुसरं काय म्हणणार? अर्थात रेघा ती हाताने काढत नसे, तिचा प्रोग्राम काढायचा. आश्रमातल्या बावीस म्हाताऱ्यांच्या छातीवर बटणाएवढा एकेक बिल्ला लावलेला होता. छतातली यंत्रं दर दोन सेकंदांनी त्या बिल्ल्याची जागा टिपायची आणि संध्याकाळपर्यंत आश्रमाच्या नकाशावर प्रत्येकाच्या हिंडण्याची एक वेडीवाकडी रेघ तयार व्हायची. कोण जिन्यापाशी फार घुटमळतं, कोण दिवसभर जागचं हललेलं नाही, कोणाची पावलं अडखळायला लागलीत, हे त्या रेघांवरून कळायचं. पडणं-झडणं टळायचं.

बावीस जणांतले एक तिचे स्वतःचे वडील होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. "जन्मभर लोकांना वर-खाली केलं, आता मी आडवा हिंडतोय," असं ते ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगायचे, दिवसातून चारदा, कारण आधी सांगितल्याचं त्यांना आठवत नसे. आई गेल्यावर त्यांचं विसरणं इतकं वाढलं, की दुपारी गॅस चालू ठेवून ते बाहेर पडू लागले. शेवटी त्यांना इथे आणावं लागलं. महिन्याभरात ही जागा रिकामी झाली आणि तिने चांगली नोकरी सोडून ती धरली.

"ही नोकरी आहे की पहारा?" नवऱ्याने विचारलं होतं.

"दोन्ही," ती म्हणाली होती.

दर गुरुवारी डॉक्टर यायचे. एका गुरुवारी त्यांनी तिच्या रेघांचा कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय आहे? मांजराने लोकरीचा गुंडा विस्कटलाय? माणूस इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला, काही कळायला मार्ग नाही. रेघांवर बाण काढा."

२

बाण काढणं हे वाटतं तेवढं सोपं नसतं. वळणावळणाच्या रेघेवर कुठे काढायचा आणि त्याचं तोंड कुठे करायचं, हे दोन्ही प्रोग्रामला शिकवावं लागतं. तिने आधी सरळ मार्ग धरला. आत्ताच्या ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्याकडे बाण. पण माणूस बसलेला असला तरी यंत्रं त्याची जागा बोटभर इकडे-तिकडे दाखवत राहतात. त्यामुळे प्रत्येक खुर्चीपाशी बाण पिसाळल्यासारखे दाही दिशांना तोंडं करून उभे राहिले.

मग तिला आठवलं, की बिल्ल्याच्या पोटात होकायंत्रही आहे. छाती कुठे वळलेली आहे ते बिल्ल्याला कळतं. माणूस छातीच्या दिशेनेच चालतो. मग बाणाचं तोंड तिकडे करावं. दर पाच पावलांना एक बाण. दोन दिवस खपून तिने ते जमवलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीनवर रेघांवरून मुंग्यांच्या रांगेसारखे बाण शहाण्यासारखे चालू लागले. तिला इतका आनंद झाला, की तिने स्वतःशीच टाळी वाजवली.

मग तिला मास्तरीणबाईंची रेघ दिसली.

मास्तरीणबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या एक ताठ बाई, खोली नंबर चार. लांब बोळात, खिडकीपासून चादरींच्या कपाटापर्यंत, त्यांच्या रेघेवरचे अकरा बाण उलटे होते. बाई खिडकीकडून कपाटाकडे आल्या होत्या. वेळा तसं स्पष्ट सांगत होत्या, दहा वाजून चौदा मिनिटांपासून पुढे. बाणांची तोंडं मात्र खिडकीकडे.

आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिला वाटलं. तिने प्रोग्राम ओळीओळीने तपासला. चूक नव्हती. बिल्ला उलटा लावला असता तर दिवसभराचे बाण उलटे यायला हवे होते. इथे फक्त अकरा. तिने बाकीच्यांच्या रेघा काढल्या. त्याच बोळात, त्याच पाव तासात, आणखी सहा जणांचे बाण उलटे होते.

कपाट लोखंडी आहे, तेव्हा होकायंत्र चकत असणार. असं मनाशी ठरवून ती एक जास्तीचा बिल्ला स्वतःच्या छातीला लावून बोळात गेली, आठ फेऱ्या मारल्या आणि परत येऊन स्वतःची रेघ काढली.

तिचे सगळे बाण सरळ होते.

३

दुसऱ्या दिवशी दहाला ती चादरी मोजायचं निमित्त करून कपाटाआड उभी राहिली. बोळात लख्ख ऊन होतं. फरशी नुकतीच पुसलेली. अण्णा खिडकीपाशी पाठीमागे हात बांधून बाहेर बघत होते. तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, आणि तिने हाकही मारली नाही. हाक मारली असती तर ते गप्पा मारत बसले असते.

मास्तरीणबाई खिडकीकडून येत होत्या. पाठीकडून.

एक हात भिंतीच्या कठड्यावर, पाऊल मागे, टाच टेकवून मग चवडा, पुन्हा पाऊल मागे. घाई नव्हती. अंगावर येऊ बघणाऱ्या कुत्र्यापासून माणूस पाठ न दाखवता मागे सरतो, तशा त्या सरत होत्या. नजर समोर, ओठ घट्ट मिटलेले. कपाट ओलांडून कोपरा आला तशा त्या वळल्या आणि चारचौघांसारख्या चालू लागल्या.

"बाई, तुम्ही उलट्या का चालत होतात?"

"कोण उलटं चाललं?" मास्तरीणबाईंनी तिला शाळेतल्यासारखं नखशिखान्त पाहिलं. "अगं, माझे गुडघे सुलटं चालायला तयार होत नाहीत, उलटं कुठे चालवतेस मला?"

त्या खोटं बोलत नव्हत्या.

पाठोपाठ औषधांचा ट्रे घेतलेली एक सिस्टर आली. तीही पाठीकडून. ट्रेमधल्या बावीस वाट्यांतली एकही वाटी वाजली नाही, इतक्या सवयीने.

मोठ्या सिस्टरांना तिने जेवणाच्या सुट्टीत विचारलं. मोठ्या सिस्टर म्हणजे सहा फूट उंच, सगळ्यांना धाकात ठेवणारी बाई.

"माझ्या इमारतीत कोणी उलटं चालत नाही," त्या म्हणाल्या. "दिवसभर त्या डबड्यात डोळे घालून बसतेस, नंबर वाढला असेल. तपासून घे."

एवढं बोलून त्या उठल्या. जेवणघराच्या दुसऱ्या दारातून तेव्हा तीन-चार म्हातारे आत येत होते, अण्णाही त्यांत होते. मोठ्या सिस्टर त्यांच्याकडे तोंड करून, मागे मागे सरत, पाठीने दार ढकलून बाहेर गेल्या.

४

त्या दुपारी तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं.

कोणी मागे सरतं, ते कशापासून तरी सरतं. तोंडं कुठे आहेत ते बाण सांगतातच. मग बाण लांब केले तर? तिने प्रोग्रामला सांगितलं, की प्रत्येक उलटा बाण नाकासमोर सरळ वाढव, पार भिंतीपर्यंत. एका मिनिटातले बाण एका चित्रात घे.

दहा वाजून पंधरा मिनिटांचं चित्र आलं. सात माणसं, सात ठिकाणी, सात लांबलेले बाण. सातही एका ठिपक्यात मिळत होते. टाचणीने टोचल्यासारखे.

दहा सोळा. ठिपका थोडा सरकलेला. दहा सतरा. आणखी थोडा.

तिने पूर्ण दिवसाचे ठिपके काढून जोडले. आणि नकाशावर एक नवी रेघ उमटली, जिचा बिल्ला कोणाच्याच छातीवर नव्हता. ती रेघ खिडकीशी थांबली होती. बोळातून आली होती. जेवणघरात टेबलाला वळसा घालून एका खुर्चीपाशी बावीस मिनिटं उभी होती. मग बागेच्या दारापर्यंत जाऊन परतली होती. सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या वेगाने.

ते चालणं तिच्या ओळखीचं होतं. महिनोन्महिने ती ते रोज बघत होती. तिने अण्णांची रेघ काढून त्या रेघेवर ठेवली.

दोन्ही रेघा बरोबर चालल्या होत्या. वळणं तीच, थांबे तेच. फक्त दुसरी रेघ अण्णांच्या दोन पावलं मागे होती.

मग तिचं डोकं नेटाने कामाला लागलं. लोक अण्णांनाच घाबरत असतील. अण्णा कधी कोणावर ओरडले असतील, हात उगारला असेल. विसरणाऱ्या माणसांचं असं होतं. म्हणजे बाण अण्णांवरच मिळत असतील आणि दोन पावलांचा फरक यंत्राचा असेल. तिने यंत्रांची चूक मोजली. अर्धं पाऊल, त्याहून जास्त नाही. मग तिने एकेक बाण मोठा करून पाहिला. मास्तरीणबाईंचा, बाकीच्या सहा जणांचा, सगळ्यांचा. एकही बाण अण्णांना लागत नव्हता. सगळे त्यांच्या खांद्याशेजारून मागे जात होते.

आणि आश्रमातल्या बावीस जणांत एकाच माणसाचे बाण दिवसभर, कुठेही, कधीही उलटे झाले नव्हते. अण्णांचे. त्यांच्या पाठीला डोळे थोडेच होते!

५

ती बाहेर आली तेव्हा अण्णा बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून येत होते. उन्हाचे पट्टे ओलांडत, सपाता फटफटवत. त्यांच्या मागे बोळ होता, खिडकी होती, खिडकीबाहेर झाड होतं. दुसरं काही नव्हतं. तिने नीट पाहिलं. काहीही नव्हतं.

मूर्ख आहेस, ती स्वतःला म्हणाली. नंबर वाढलाय.

"आलीस होय!" अण्णांनी लांबूनच हात केला. "अगं, आज त्या डॉक्टराला सांगितलं, जन्मभर लोकांना वर-खाली..."

"केलं, आता आडवा हिंडतोय," ती हसून म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

ती ऐकत होती. सपातांचा आवाज येत होता, फट, फट, फट. मग अण्णा एका उन्हाच्या पट्ट्यात थांबले, आवाज थांबला. आणि थांबल्यावर आणखी एकदा झाला. हलका. अनवाणी पाय पुसलेल्या फरशीवर टेकावा तसा. त्याच वेळी त्यांच्या मागच्या उन्हाच्या पट्ट्याची कड, जी आत्तापर्यंत सरळ होती, एका जागी आत दबली. कोणीतरी कडेला उभं राहिल्यावर सावलीने दबते, तेवढीच.

"काय गं," अण्णा म्हणाले, "मी येतोय आणि तू लांब लांब काय चाललीस?"

"मी कुठे? मी इथेच तर..."

चादरींचं कपाट. ती खोलीतून आली तेव्हा ते तिच्या मागे होतं. आता ते तिच्या पुढे, सात-आठ पावलांवर होतं. तिचा एक हात भिंतीच्या कठड्यावर होता. कठडा तिने कधी धरला, तिला माहीत नव्हतं.

अण्णांचा चेहरा उतरला.

"तूसुद्धा?" ते हळू आवाजात म्हणाले. "इथले सगळेच असं करतात. गेला महिनाभर. मी जवळ गेलो की मागे सरतात. कोणी शेजारी बसत नाही. माझ्या अंगाला वास येतो का गं? खरं सांग. मी रोज आंघोळ करतो. निदान मला वाटतं, करतो."

हे ऐकल्यावर तिथे उभं राहणं तिला शक्य नव्हतं. तिने त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या बटणावर नजर रोवली आणि पाऊल पुढे टाकलं. दुसरं टाकलं. कपाट मागे गेलं. बटणाच्या वर बघायचं नाही, खांद्याच्या पलीकडे तर मुळीच नाही. अकरा पावलं तिने मोजली, आणि अण्णांना मिठी मारली.

"कसला वास येत नाही," ती त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "साबणाचा येतो."

त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला तिने हात मागे नेले. आणि तिथे पोचल्यावर बोटं मिटून घेतली.

६

त्याच दिवशी संध्याकाळी ती अण्णांना घरी घेऊन गेली. मोठ्या सिस्टरांनी कागदावर सही केली, बिल्ला परत घेतला आणि फाटकापर्यंत पोचवायला आल्या, तोंड अण्णांकडे ठेवून, पुढे पुढे पाठीने चालत. गाडीत अण्णा मागच्या सीटला पाठ टेकून बसले. मागे काच होती आणि काचेमागे रस्ता. पाठ आणि सीट यांच्यात कागद सरकवायलाही जागा नव्हती, हे बघून तिला इतकं हायसं वाटलं, की पहिल्या सिग्नलला ती उगाचच हसली.

नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं, की अण्णांना तिथे करमत नाही. तो समंजस माणूस, त्याने अण्णांची पिशवी आत नेऊन ठेवली. अण्णांची खुर्ची तिने भिंतीला टेकवून ठेवली, पलंगही भिंतीला लावला. बसले असले, झोपले असले की सगळं ठीक असायचं. नवरा शेजारी बसून त्यांच्याशी पत्ते खेळायचा आणि मुद्दाम हरायचा. अण्णा खुलले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलं होतं.

पण माणूस उठणारच. न्हाणीघरात जायला उठले, की नवरा बोलता बोलता मागे सरायचा, पार स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ लागेपर्यंत. त्याचं त्याला कळायचं नाही. अण्णांना कळायचं. ते मान खाली घालून चालायचे.

तिसऱ्या दिवशी तिने ठरवलं. अण्णा उठले तशी ती त्यांच्या मागे गेली, डोळे मिटून, अंदाजाने, आणि त्यांच्या पाठीला अगदी चिकटून उभी राहिली. दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर. मधे जागाच ठेवायची नाही. दोन पावलांची जागा हवी असते ना? मग ती जागा आपणच भरायची.

"हे काय, आगगाडी?" अण्णा खुदकन हसले. "गर्दीच्या वेळी लिफ्टमध्ये अशी माणसं उभी राहायची. श्वास मानेवर."

नवरा समोर उभा होता. तो मागे सरला नाही. वाटेतून बाजूला झाला फक्त, माणूस माणसाला वाट देतो तसा.

त्या दिवसापासून घरभर ती आगगाडी चालू झाली. अण्णा पुढे, ती मागे. नवऱ्याला वाटलं, तोल जाऊ नये म्हणून ती धरते. आश्रमात फोन करून तिने गेल्या चार दिवसांचा डेटा मागवला आणि एकवीस जणांच्या रेघा काढल्या. सगळे बाण सरळ. मोठ्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, "अण्णांची आठवण येते गं. का कोण जाणे, असताना त्यांच्याशी धड बोलले नाही मी."

ती फोन ठेवून मनसोक्त रडली. जिंकल्यासारखं वाटलं तिला.

७

शुक्रवारी चारचा सुमार होता. नवऱ्याने चहा टाकला होता आणि अण्णांना चहाच्या वासाने खुर्चीत चैन पडेना. ती त्यांच्या मागे उभी राहिली, खांदे धरले, आणि आगगाडी स्वयंपाकघराकडे निघाली. घरातला बोळ दहा-बारा पावलांचा. दोन्ही बाजूंना दारं, वर एक दिवा.

नवरा ट्रेमध्ये तीन कप घेऊन समोरून आला.

"या अण्णा," तो हसून म्हणाला. "साखर दीड चमचा, विसरलो नाही."

मग त्याची नजर वर उचलली गेली. अण्णांच्या डोक्यावरून तिच्या चेहऱ्यावर आली. तिथे थांबली नाही. तिच्या कानाशेजारून मागे गेली आणि तिथे स्थिरावली. त्याचे ओठ घट्ट मिटले. त्याने एक पाऊल मागे टाकलं. टाच टेकवून मग चवडा. मग दुसरं. कप वाजले नाहीत.

"कुठे बघतोयस?" तिने विचारलं.

"तुझ्याकडेच तर बघतोय," तो म्हणाला, आणि आणखी एक पाऊल मागे गेला.

"चल की गं," अण्णा म्हणाले. "थांबलीस का? आज पाठ कशी हलकी वाटतेय मला. कितीतरी दिवसांनी."

तिने मान वळवली नाही. मानेवर, केसांच्या मुळाशी, काहीच नव्हतं. वारा नव्हता, श्वास नव्हता. पण बोळातल्या दिव्याखाली तिची सावली समोर अण्णांच्या पाठीवर पडली होती, आणि ती सावली तिच्या खांद्यांपेक्षा थोडी रुंद होती.

तिने अण्णांच्या खांद्यांवरचे हात काढून घेतले. एकेक बोट.

"तुम्ही व्हा पुढे, अण्णा. चहा गार होईल. मी आलेच."

"बरं," अण्णा म्हणाले आणि निघाले. पाठीमागे कोणी नसलेल्या माणसासारखे, खांदे मोकळे सोडून. नवऱ्याने ट्रे एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरला, जवळ घेतलं. त्यांच्यापासून तो जराही सरला नाही. एवढं बघून तिला खरंच बरं वाटलं.

मग स्वयंपाकघराच्या दाराशी, ती का येत नाही म्हणून, अण्णांनी वळून पाहिलं.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं. मग ते विझलं. जावयाचा हात त्यांनी घट्ट धरला, ओठ मिटले, आणि तोंड तिच्याकडे ठेवून, मुलीवरून नजर न काढता, एकेक पाऊल मागे सरू लागले.